आंबा बाधला नव्हता

"आंबा बाधलाय ह्याला," खुर्चीत टेकायच्या आधीच आईंनी निदान सांगून टाकलं. मुलगा काहीच बोलला नाही. बोलण्यासारखी त्याची अवस्थाही नव्हती. पापण्या सुजून डोळ्यांच्या जागी दोन फटी उरल्या होत्या, ओठांच्या कडा फुटल्या होत्या, कानांमागून पाणी झरत होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेले. मे महिन्यातला शुक्रवार. बाहेर चाकरमान्यांची गर्दी. त्या आठवड्यात 'आंबा बाधलेला' हा माझा चौथा पेशंट.

चिपळूणला त्वचारोगाचा दवाखाना चालवायचा तर हा शब्द रोज ऐकावा लागतो. आंबा उष्ण, म्हणून अंगावर पुरळ. आंबा जास्त झाला, म्हणून गळवं. 'बाधणं' हा शब्द माझ्याही तोंडात आहे, माझी आजी तोच वापरायची. पण निदान म्हणून तो फसवा आहे. तो पोटाकडे बोट दाखवतो. मग घरातले सगळे 'काय खाल्लं' एवढंच आठवत बसतात आणि 'परवा-तेरवा हात कशाला लागला' हे कुणी विचारत नाही. या माणसाचे सहा दिवस त्यातच गेले होते.

पेशंट ४१ वर्षांचा, राहायला कल्याणला, काम हिशेबाचं. गाव संगमेश्वर तालुक्यात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आधीचा कुठलाही आजार नाही, दमा नाही, औषधं चालू नाहीत. वडिलांना मधुमेह होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवलं, कारण पुढे कोणती गोळी द्यावी लागणार याचा अंदाज आला होता.

त्या आठवड्याचा हिशेब त्याच्याकडून दिवसवार काढून घेतला. माणूस हिशेबातला, त्यामुळे नीट जमला.

शुक्रवारी रात्री गावी पोहोचला. शनिवारी सकाळी परड्यातल्या रायवळाच्या कैऱ्या लोणच्यासाठी उतरवल्या. खालच्या फांद्यांवरच्या हातानेच मोडून घेतल्या आणि शर्टाच्या ओच्यात भरून घरात आणल्या. दुपारी आंबे चोखून खाल्ले, 'सात-आठ असतील, मोजले नाहीत.' संध्याकाळी वारा पडल्यावर चुलतभावाबरोबर भाजावळीला गेला. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी दाढ भाजायची, म्हणजे वाफ्यावर कवळं, पालापाचोळा, शेण पसरून आग लावायची, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. देशावरच्या आणि शहरातल्यांसाठी सांगितलं. कवळं म्हणजे आसपासच्या झाडांच्या तोडून वाळवलेल्या पानाळ फांद्या. हा काठी घेऊन आगीच्या कडेला तासभर उभा होता. लहानपणानंतर पहिल्यांदाच, हौसेने.

रविवारी संध्याकाळी मनगटाला खाज. सोमवारी उठला तो डोळे उघडेनात.

सोमवारी गावाजवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे 'पित्त उठलंय' म्हणून एक इंजेक्शन आणि सेटिरिझिनच्या गोळ्या मिळाल्या. मंगळवार-बुधवार बरं वाटलं. गुरुवारी दुपटीने उसळलं, आता पोटावर आणि मांड्यांवरही. घरच्यांनी आंबा बंद केला, गुलकंद सुरू केला. कुणीतरी शहरातून फोनवर सल्ला दिला म्हणून रक्ताची मोठी 'ॲलर्जी प्रोफाइल' तपासणीही करून टाकली. तिचा अहवाल माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात धुळीतले किडे, झुरळ, कोळंबी असं बरंच काही होतं. हजारो रुपये गेले होते आणि त्या कागदातल्या एकाही आकड्याचा या पुरळाशी संबंध नव्हता. का नव्हता, ते पुढे येतंच.

फडकी सोडली. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचे तीन सरळ पट्टे, त्यावर पाण्याचे टपोरे फोड एका रेषेत ओवल्यासारखे. नखांच्या कडांना बारीक पुटकुळ्या. पोटावर बेंबीच्या वर लालसर, ओबडधोबड चट्टा, ओच्यातल्या कैऱ्या जिथे टेकल्या होत्या तिथेच. तोंडाभोवती, ओठांपासून हनुवटीपर्यंत, मिशी काढावी तसा लाल पट्टा.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. आंब्याचा देठ मोडला की जो चीक उडतो, तो जिथे जिथे लागला तिथे तिथे पुरळ. आंबा सालीसकट दातांनी सोलून चोखला की ओठांभोवती तेच. त्वचेवरचे सरळ पट्टे सहसा बाहेरून ओढले गेलेले असतात. शरीर आतून रेषा मारत नाही.

एक अपवाद आहे, नागीण. नागिणीचे फोडही रांगेत येतात, पण ते शरीराच्या एकाच बाजूला, एका मज्जातंतूच्या पट्ट्यात असतात, आणि खाजेपेक्षा आग आणि ठणका जास्त असतो. इथे दोन्ही बाजू होत्या आणि खाज जीव खाणारी होती. पित्ताच्या गांधी तर चोवीस तासांच्या आत एका जागी विरतात आणि दुसरीकडे उठतात. पेनाने कडेला रेघ मारून ठेवली की दुसऱ्या दिवशी कळतं. त्यांना फोड येत नाहीत, पाणी सुटत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात 'किडा फिरला' म्हणतात, तो एक छोटा काळा-केशरी किडा चिरडला गेल्याने पडणारा भाजल्यासारखा पट्टा. तोही सरळ असतो, पण मे महिन्यात, इतक्या ठिकाणी, नाही.

अडलं ते चेहऱ्यावर. चेहऱ्याला चीक लागला असता तर शिंतोड्यासारखे ठिपके दिसले असते. इथे सगळा चेहरा एकसारखा सुजलेला होता. उन्हाने झालं म्हणावं तर हनुवटीच्या खाली, कानांच्या मागे आणि वरच्या पापण्यांच्या घडीत पुरळ सगळ्यात जास्त होतं. ऊन त्या जागा सोडतं. ज्या जागा सावलीत असतात तिथेच पुरळ भरलेलं असेल तर ते हवेतून आलेलं असतं: धूळ, फवारा, नाहीतर धूर.

"भाजावळीत कवळं कसली होती?" मी विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. आईंना वाटलं, ऐन, किंजळ, 'काय असतात ती'. चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, बांधावर एक झाड माजलं होतं, त्याच्या फांद्या फेब्रुवारीतच तोडल्या होत्या. नाव? "रानटीच आहे काहीतरी. मोठी पानं. तोडताना माझ्या हाताला पण जरा पुटकुळ्या आल्या होत्या, पण गेल्या."

मग एक प्रश्न सुचला तो विचारला, आणि खरं तर तोच सगळ्यात आधी विचारायला हवा होता. पूर्वी कधी बिब्बा लागला होता का?

आईंचा चेहरा बदलला. "आठवीत होता. पायात काटा मोडला. सासूबाईंनी बिब्बा तापवून चटका दिला. मग पाय गुडघ्यापर्यंत सुजला हो. पंधरा दिवस शाळा बुडली." त्याने उजवा पाय वर केला. टाचेच्या वर, घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा काळा डाग. अठ्ठावीस वर्षांचा.

बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली, ॲनाकार्डिएसी. चारोळी आणि अंबाडा याच घरातले, पिस्ताही. अमेरिकेतल्या ज्या 'पॉयझन आयव्ही' वेलीची तिथल्या लोकांना दहशत असते ती, आणि जपानात ज्याच्या चिकापासून चकचकीत लाखेची भांडी बनतात ते उरुशी झाडही यातलंच. त्या उरुशीवरून चिकातल्या तेलकट रसायनांना उरुशिऑल नाव पडलं. बिब्ब्यात त्याचा जवळचा भाऊ असतो, भिलावनॉल. काजूच्या टरफलात कार्डोल आणि ॲनाकार्डिक आम्ल, आंब्याच्या चिकात आणि सालीत रेसॉर्सिनॉल जातीची रसायनं. नावं निरनिराळी, पण रेणूचा चेहरा एकाच घराण्यातला. आपल्या संरक्षक पेशी चेहरा ओळखतात, नाव वाचत नाहीत. एकदा बिब्ब्याशी वैर झालं की त्या आंब्याच्या चिकावरही धावून जाऊ शकतात.

बिब्ब्याची शास्त्रीय ओळखही गंमतशीर आहे. सेमेकार्पस म्हणजे खूण करणारं फळ. त्याचा रस कपड्यावर पडला की काळा पडतो आणि धुतला तरी जात नाही, म्हणून परीट कपड्यांवर खुणा करायला तो वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर, नेमकी जिथे परटाची खूण टेकते तिथे, पुरळ उठायला लागलं. तिथल्या लष्करी डॉक्टरांनी १९४३ मध्ये ते 'धोबी मार्क डर्मटायटिस' म्हणून नोंदवून ठेवलं. त्यातल्या कित्येकांचं वैर पॉयझन आयव्हीने घरीच तयार करून पाठवलेलं असणार.

आपल्याकडे बिब्बा अजून घराघरांत आहे. भेगाळलेल्या टाचेत, रुतलेल्या काट्यावर, दुखऱ्या सांध्यावर. लिंबू-मिरचीच्या दोऱ्यात खाली ओवलेला. 'कामात बिब्बा घालणं' हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे त्या भाषेच्या लोकांना या फळाचा स्वभाव ठाऊक नाही असं म्हणवत नाही. आयुर्वेदातही भल्लातक, म्हणजे बिब्बाच, शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, विटकरीच्या पुडीत घोळून त्याचं तेल शोषून घेतात. घरातल्या डब्यातला बिब्बा मात्र कुणी शुद्ध केलेला नसतो.

या ॲलर्जीचं घड्याळ समजलं तर निम्मं काम होतं. पित्त किंवा कोळंबीची ॲलर्जी मिनिटांत उठते, कारण तिथे रक्तातली आयजीई प्रथिनं काम करतात, आणि ती प्रोफाइल मोजते ती तीच. चिकाची ॲलर्जी पेशींची आहे. आधीच वैर असलेल्या माणसाला ती साधारण एक ते तीन दिवसांनी उठते. पहिल्यांदाच लागत असेल तर दहा दिवस ते दोन आठवडेही जातात. म्हणून सोमवारचे सुजलेले डोळे शोधायचे ते रविवारच्या जेवणात नाही, शनिवारच्या हातात. जिथे जास्त चीक लागला आणि कातडी पातळ आहे तिथे आधी उठतं, जाड कातडीवर उशिरा. घरच्यांना वाटतं की फोडातलं पाणी लागून पसरतंय. तसं नसतं. फोडातल्या पाण्यात चीक नसतो. आईंनी त्याचं ताट-वाटी वेगळी केली होती, ती पुन्हा एकत्र करायला सांगितलं.

एक प्रश्न मी आईंना बाहेर बसवून विचारला. जांघेत, लघवीच्या जागी काही आहे का? होतं, आणि चांगलंच होतं. चिकाचे हात न धुता लघवीला गेलं की हे होतंच. कोकणातला पुरुष हे आपणहून कधी सांगणार नाही, सांगितलं तरी गजकर्ण म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणील. त्यानेही आणली होती. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असलेली ट्यूब. ती आधी कचऱ्यात टाकायला लावली.

उपचारात फार हुशारी नसते, धीर लागतो. त्याचा चेहरा, जननेंद्रियं आणि अंगाचा बराच भाग धरला गेला होता, म्हणून पोटातून स्टिरॉइड देणं भाग होतं. रक्तदाब आणि साखर तपासून प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमवर सुरू केलं, रोज सकाळी नाश्त्यानंतर एकदाच, आणि १८ दिवसांत पायरी-पायरीने उतरवत बंद करायचं. हे आकडे त्याच्या ७० किलो वजनाचे आणि त्याच्या तब्येतीचे आहेत. कुणी स्वतःवर चालवू नयेत.

१८ दिवस ऐकून दोघांनाही धक्का बसला. "स्टिरॉइड? इतके दिवस?" पण सोमवारच्या इंजेक्शनने नेमकं काय झालं ते पाहा. दोन दिवस दबलं आणि औषध ओसरताच दुप्पट उसळलं. ही आग आतून दोन-तीन आठवडे धुमसते. पाच दिवसांचा कोर्स म्हणजे वणव्यावर तांब्याभर पाणी. अर्धवट दिलेलं स्टिरॉइड आणि गरज नसताना दिलेलं स्टिरॉइड, दोन्ही मी रोज पाहतो, आणि दोन्हींचा राग सारखाच येतो.

पाणी सुटलेल्या जागी गार पाण्याच्या घड्या, दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा-वीस मिनिटं. फोड मोठे होते ते निर्जंतुक सुईने बाजूने टोचून रिकामे केले, वरची कातडी तशीच ठेवली. तीच उत्तम पट्टी. हातांवर आणि पोटावर तीव्र स्टिरॉइड मलम, चेहऱ्यावर आणि जांघेत मात्र सौम्य, तेही मोजके दिवस. रात्री झोप लागावी म्हणून गुंगी आणणारी खाजेची गोळी. ती गोळी पुरळ बरं करत नाही, फक्त रात्र काढून देते. ताप, पू, वाढता ठणका आला तर लगेच यायचं, कारण नखांनी खाजवलेल्या जागी जंतू शिरतात.

"खोबरेल लावू का?" आईंनी विचारलं. पुरळ सुकायला लागल्यावर लावा, म्हटलं. नुकत्याच लागलेल्या चिकावर नुसतं तेल चोळलं तर चीक पसरतो. आधी तेल लावलंच तर मागोमाग साबणाने घासून धुतलं पाहिजे.

घरगुती उपायांना मी हसत नाही. केरळात याच कुळातल्या 'चेरू' झाडाने अंग उठलं तर बेहड्याच्या झाडाला प्रदक्षिणा घालायची रीत आहे. बहुतेकांना गुणही येतो, कारण सौम्य पुरळ दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतंच. ज्याने त्या काळात जे केलं त्याला श्रेय. बेहडा निदान अपाय तरी करत नाही. हळद, चुना, लसणाचा लेप मात्र अपाय करतात.

त्याच संध्याकाळी चुलतभावाचे फोटो व्हॉट्सॲपवर आले. मी त्याला सांगितलं होतं, हातावर प्लॅस्टिकची पिशवी घाल, त्या झाडाचं एक पान तोड आणि देठाचा रस पांढऱ्या कागदावर दाब. पहिल्या फोटोत हातभर लांब, टोकाला रुंद, मागून फिकट पान. दुसऱ्यात कागदावरचा तपकिरी डाग. तिसरा फोटो सकाळी आला, डाग शाईसारखा काळाकुट्ट. बिब्बा. झाड अजून लहान असल्याने त्याला फळं धरलेली नव्हती, नाहीतर केशरी बोंडावर बसलेली काळी बी पाहून गावातल्या पोरानेही ओळखलं असतं. सह्याद्रीत होलिगार्ना जातीची झाडंही अशीच आहेत, त्यांना काही ठिकाणी रानबिबा म्हणतात. त्यांचा चीकही असाच काळा पडतो, आणि काळजी तीच घ्यायची.

तीन महिने वाळलेल्या फांद्या. पण हे तेल वाळून मरत नाही, कोयत्याच्या मुठीवर, कपड्यांवर महिनोन्‌महिने टिकतं. जाळलं तर धुराच्या कणांवर बसून उडतं. अमेरिकेत वणवे विझवणाऱ्यांना पॉयझन आयव्हीच्या भावंडाच्या, पॉयझन ओकच्या, धुराने असंच होतं, आणि छातीत गेला तर प्रकरण कातडीवर थांबत नाही. याला धाप लागली नव्हती, खोकला नव्हता, हे नशीब.

हे कळल्यावर घरात पहिली प्रतिक्रिया काय असावी? "ते झाड तोडून जाळून टाकतो." फोनवर मला जवळजवळ ओरडावं लागलं.

चौदाव्या दिवशी कल्याणहून फोन आला. चेहरा स्वच्छ, हात सुकलेले, गोळी १० मिलिग्रॅमवर, आणि डाव्या मांडीवर नवीन चट्टा. फोटो पाहिला. चौकोनी, वरची कड सरळ, खालचे कोपरे गोल. इतका खिशासारखा चट्टा मी आजवर पाहिला नव्हता. गाडी धुवायला गावची जुनी पँट घातली होती, आणि डाव्या खिशात तो रुमाल होता ज्याने शनिवारी चीक पुसला होता. बॅगेतून तसाच आलेला. रुमाल टाकून दिला, पँट एकटीच गरम पाण्यात साबण घालून दोनदा धुतली, चपलांचे पट्टे आणि बॅगेचं हँडलही पुसून घेतलं. चट्ट्यावर फक्त मलम, गोळीचा हिशेब बदलावा लागला नाही.

सहा आठवड्यांनी, औषधं पूर्ण थांबून महिना होत आल्यावर, त्याला मुंबईत पॅच टेस्टसाठी पाठवलं. पाठीवर थोडथोडा पदार्थ चिकटवून ४८ तास ठेवायचा, मग पाहायचं, आणि ९६ तासांच्या सुमाराला पुन्हा पाहायचं. स्टिरॉइड चालू असताना केली तर खोटं 'नाही' येतं. आंब्याची साल जोरात लाल झाली. गर काहीच नाही. बिब्ब्याचा रस लावलाच नाही. कोरा बिब्बा निरोगी कातडीवरही फोड आणतो, त्यातून काय सिद्ध होणार? आणि पाठीवर आणखी एक रुपयाचा डाग कशाला.

गराची पट्टी कोरी राहिली हे ऐकून तो खुर्चीत सैल झाला. चाळिशीतल्या कोकणी माणसाला आंबा बंद म्हणजे काय, ते मला कळतं. त्याला सांगितलं ते असं. आंबा खायचा, पण दुसऱ्याने धुऊन, सोलून, कापून दिलेला, चमच्याने. चोखायचा रायवळ संपला. सालीला चिकटलेला गर खरवडायचा नाही. आमरस चालेल, पण पिळणारे हात दुसऱ्याचे. अढीतले आंबे परतायचे काम घरातल्या दुसऱ्या कुणाचं. कारण चीक सालीवर वाळून बसलेला असतो.

आंबे उतरवताना देठासकट काढले की चीक उडतच नाही. बागायतदार हे फळाला डाग पडू नये म्हणून करतातच. झेला म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी; दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याला पातं असतं ते त्याचसाठी. फळाची कातडी जपणारी ही रीत माणसाचीही जपते. हातमोजे घालायचे तर जाड व्हायनिलचे. पातळ रबरी मोज्यांतून हे तेल झिरपतं आणि आत घामात कोंडून जास्त त्रास देतं. चीक लागला तर जिथे असाल तिथे, पहिल्या दहा मिनिटांत, साबण आणि भरपूर पाणी. भांडी घासायचा साबण उत्तम, नखांच्या खालीसुद्धा. तासाभराने धुतलं तर कपडे आणि इतर जागा वाचतात, लागलेली जागा बहुधा वाचत नाही.

काजूचा प्रश्न त्याने स्वतः काढला. सोललेला, भाजलेला काजूगर बहुतेकांना चालतो. भानगड टरफलाची. १९८२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मोझांबिकहून आलेल्या काजूतुकड्यांत टरफलाचे कण राहिले होते आणि ते खाऊन ५४ लोकांना पुरळ उठलं, तोंडात, काखेत, जांघेत. आपल्याकडे मार्चमध्ये ओले काजू सोलून विकणाऱ्या बायकांची बोटं पाहा, राख आणि तेल लावूनही काळी पडून सोललेली असतात. त्याला मी म्हटलं, ओल्या काजूची उसळ खा, सोलायला बसू नकोस. गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, मात्र पूर्ण बंद. हिवाळ्यातले लाडू कुणी कितीही प्रेमाने दिले तरी. आणि 'थोडा थोडा बिब्बा खाऊन सवय करून घे' असं सांगणारा कुणीतरी गावात भेटेलच, त्याला हात जोडायचे.

आंबा किंवा काजू खाल्ल्यावर काही मिनिटांतच जीभ-घसा सुजणं, धाप लागणं, उलट्या, चक्कर, हा वेगळाच रोग आहे, आयजीईचा. त्यात घड्याळ पाहत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. अशा माणसाने 'दुसऱ्याने सोलून दिला तर चालतो' हा सल्ला स्वतःला लावू नये.

शेवटच्या भेटीला आई पुन्हा आल्या होत्या. त्यांच्या मनात एक गोष्ट खुपत होती. "मी जन्मभर बिब्बे फोडले, आंबे उतरवले, कवळं भाजली. मला कसं नाही काही?" नसतं काहींना. कुणाच्या पेशी वैर धरतात, कुणाच्या धरत नाहीत, चुलतभावाला थोड्या पुटकुळ्यांवर सुटका मिळाली. आधीपासून सांगता येत नाही. पण ज्याला काट्याच्या जखमेतून तापलेला बिब्बा आत दिला, त्याची शक्यता आपणच वाढवली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पदराशी खेळत म्हणाल्या, "नातीच्या टाचेला भेग पडलीय. बिब्बा काढून ठेवला होता डब्यातून. गणपतीत येतील तेव्हा लावू म्हणून."

भेगेला व्हॅसलीन लिहून दिलं. वयाच्या नवव्या वर्षी भेगा का पडतात, तर पोरगी अनवाणी हिंडते म्हणून. चप्पलही लिहायला हवी होती.

पुढच्या मे महिन्यात चुलतभाऊ स्वतःच्या गजकर्णासाठी आला तेव्हा कळलं, बांधावरचं झाड अजून उभं आहे. त्याने बुंध्याला चुन्याचा पट्टा मारलाय, त्याची फांदी आता कवळात येत नाही. दादाला फोडी कापून देतो, म्हणाला, पण तो कोय मागतो.

"देऊ का, डॉक्टर? सालीवाचून कोय?"

दे, म्हटलं. हात धुऊन.